लाभ, दोन, तीन

ललिताबाई अंगणवाडीत मदतनीस. दर्यापूरच्या अल्याड, कायीभोर मातीतल्या एका लहान गावात. सेविका पौर्णिमा बायंतपनाले माहेरी गेली, अकोल्याले, जठारपेठेत, तवापासून सगयं ललिताबाईच्याच अंगावर आलं. सकायी घरोघरी जाऊन पोट्टे गोया करा, झाडा, तांदूय निवडा, खिचडी शिजवा, नाकं पुसा, आन् वरून शिकवाबी. साठीले टेकलेली बाई. गुडघे असे की उठताना भिंतीले हात लावा लागे.

शिकवाले तिले तरी कुठं येत होतं! शायेचं तोंड पाह्यलं नाही कधी. पन खेयवता येत होतं. तूर, हरभरा, चिंचोके एकात मिसयून ठेवे, बसले पोट्टे निवडत. कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्या लहान-मोठ्या मांडाले लावे. जितके पोट्टे तितक्याच ताटल्या, वाटाचं कामबी त्याइचंच. आन् खिचडीचे तांदूय मोजनं माहेनूरचं.

माहेनूर म्हंजे गाद्या भरनाऱ्या शफीकची पोरगी, पाचात पडलेली. दोघाइमागं एक वाटी, हे ललिताबाईनं तिले हातानं दाखवलं. मोजताना ललिताबाईच्या तोंडून थेच निंगे जे तिचा सोताचा बाप खयावर ज्वारी मोजताना म्हने. पह्यल्या मापाले एक नाही म्हनाचं, लाभ म्हनाचं, घरात दाना राह्यते. लाभ, दोन, तीन. पोट्ट्याइनं तसंच उचललं. बाईच्या ध्यानातबी आलं नाही.

इकडं माहेनूरची माय निखत रोज कुरकुर करे.

"बाई, आमची पोरगी नुसती चिंचोके खेयून राहिली. थो शेजारचा उसामा कॉन्वेंटात जाते, एकपासून शंभरलोक म्हनते. आमी बी इले कॉन्वेंटच्या जीपीत बसवतो आता."

आयकून ललिताबाई मनातल्या मनात पोट्टे मोजे. सारे दहाच पोट्टे राह्यले होते. माहेनूर गेली की तिच्यामागं दुसऱ्या आयाबी आपापले पोट्टे काढतीन, आन् मंग खोलीले कुलूप. आन् कुलूप लागल्यावर हे गुडघे घेऊन तिनं कुठं जा?

श्रावनात अमरावतीहून मोठ्या मॅडम आल्या तपासाले. निखतबी त्याच दिवशी आली, पोरीचं नाव काढाले. मॅडमनं माहेनूरपुढं चिंचोके मांडले.

"मोज बरं बेटा."

"लाभ, दोन, तीन, चार, पाच..."

"थांब थांब. एक कुठं आहे? ही एकच म्हणत नाही!"

निखतचं तोंड उतरलं. "अगे, एक किधर गया तेरा?" असं पोरीले म्हनून ललिताबाईकडं वयली. "पाह्यलं बाई? एक येत नाही, आन् आमी शंभराची वाट पाहून राहिलो."

आपलाच लाभ पोरीच्या तोंडी बसला, हे ललिताबाईच्या आत्ता ध्यानात आलं, पन सकायपासून थकलेलीले सांगत बसाचं त्रान नोयतं. "चूक माहीच हाय मॅडम," इतकंच बोलली, आन् भिंतीले हात लावून उठली. खिचडीची येय झाली होती. मॅडम असो नाहीतर कोनी, पोट्ट्याइले भूक लागतेच.

माहेनूर वाटी घेऊन धावली. "लाभ, दोन, तीन, चार, पाच." थांबली. मायकडं पाह्यलं, मॅडमकडं पाह्यलं.

"बाई, अम्मी आन् मॅडमबी जेवतीन ना? मंग सहा."

सहावी वाटी ओतली. मंग मॅडमले खालून वरलोक निरखलं.

"नाही, सात टाकतो. मॅडम लय मोठ्या हायेत."

मॅडमनं पदर तोंडाले लावला. निखत लाजून पानी पानी. "बदमाश कुठची!"

"असू द्या हो," मॅडम म्हनल्या. "हिला हे कोणी सांगितलं?"

"दोघाइमागं एक वाटी म्या दाखवली मॅडम. बाकी हिसाब तिचाच. रोज थेच टाकते," ललिताबाई म्हनली.

"आणि हा लाभ काय प्रकार आहे?"

ललिताबाईनं चुलीपाशी बसल्या बसल्या बापाच्या खयाचं सांगितलं. मॅडमनं आयकलं. निखत उगीच ताटल्या सरकवत होती. ताटली हातात धरूनच बोलली, "आमचे नाना बी पह्यल्या मापाले एक नोयते म्हनत. बरकत म्हनत."

मॅडमनं वहीत काहीतरी लिवलं. ललिताबाईले वाचता येत नोयतं, आन् इचाराची हिंमतबी झाली नाही. निखत पोरीचा हात धरून घरी गेली. नाव काढाचं तसंच राह्यलं.

दुसऱ्या दिवशी कॉन्वेंटची जीप फाट्यावर भोंगा वाजवून गेली, तवा ललिताबाई झाडत होती. झाडू ठेवला. रोज पह्यलं घर शफीकचंच. आज थे शेवटी घ्यावं, असं मनात आलं. मंग म्हनली, आत्ता काय अन् मंग काय.

माहेनूर ओट्यावर बसली होती, पायात चपला घालून. निखत दारातून म्हनली, "दिवाईलोक ठेवतो बाई. पन तिले एक शिकवा."

"शिकवतो माय."

ललिताबाईनं हात धरला. चालता चालता म्हनली, "म्हन, एक." तिच्याच तोंडात थे कोरडं लागलं.

"एक म्हंजे लाभच ना बाई?"

"हो माय. पन मॅडमपुढं एक म्हन."

"आन् तांदुयाले?"

ललिताबाई थांबली. गुडघा चोयला.

"तांदुयाले लाभच," म्हनली, आन् पुढची गल्ली धरली. अजून नऊ घरं राह्यले होते.