गैरहजर बाईंचं आभारप्रदर्शन

आमच्या बी.एड. कॉलेजात कार्यशाळा म्हटलं की आधी पाहुणे ठरतात, मग हारतुरे, मग जेवण. विषय सगळ्यात शेवटी, तोही वरून आलेला. त्या वर्षी वरून ‘डिजिटल समता’ आली. ज्यांच्या घरी फोन नाही, नेट नाही, त्या मुलांना भावी शिक्षकांनी मागे पडू द्यायचं नाही, असा तिचा अर्थ. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या इमारतीत तो फ्लेक्सवर छापून लावला होता. फ्लेक्सच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेतलेलं एक गोरंगोमटं मूल हसत होतं. आम्ही उल्हासनगरच्या ज्या शाळांत सराव पाठ घ्यायचो, तिथे असलं मूल मला कधी भेटलं नाही.

मी पस्तिशी ओलांडून बी.एड. करत होते, त्यामुळे माझ्याकडे आदराचा साठा मुळातच कमी. शेजारच्या बाकावरची माझी मैत्रीण बदलापूरच्या पलीकडच्या गावातून यायची. घरात स्मार्टफोन एकच, तो नवरा कंपनीत घेऊन जायचा. हिच्याकडे बटणांचा. आवाज मात्र खणखणीत, म्हणून दर कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन हिच्याच गळ्यात पडायचं.

त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. रांगोळी तिने काढली, समईत तेल तिने घातलं. पाहुण्यांनी लावलेली वात पंख्याने विझली, तेव्हा ती पुन्हा तिनेच पेटवली. पाहुणे तोवर कॅमेऱ्याकडे बघत होते.

मग समन्वयक मॅडमनी पडद्यावर एक कोड झळकवला. आजपासून कागदावर सह्या बंद, कोड आपापल्या फोनने स्कॅन करायचा, एका फोनवरून एकच हजेरी. डिजिटल समतेच्या कार्यशाळेत फोन नसलेल्याची हजेरी कशी लागणार, हा प्रश्न त्या भरल्या सभागृहात कोणाच्याही डोक्यात आला नाही. सगळे माना खाली घालून स्कॅन करू लागले.

मैत्रीण उठून मॅडमकडे गेली. सासूच्या दुखण्यात तिचे बरेच दिवस बुडाले होते. हा दिवस गेला तर हजेरी कमी पडणार आणि परीक्षेच्या वार्षिक पाठाला बसू देणार नव्हते. घरच्यांनी हे शिक्षण कसंबसं चालवून घेतलं होतं, पुन्हा एक वर्ष कोणी दिलं नसतं.

“फोन आणायचा ना,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“मला दिसतेस गं. सिस्टीमला दिसत नाहीस.”

यावर हसावं की दात ओठ खावेत, मला कळेना. पाहुण्यांनी मग तासभर उपदेश केला. मुलाच्या हातात साधन नसेल तर शिक्षकाने मुलापर्यंत जावं, म्हणाले. मॅडम पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होत्या. मला त्या मानेची अक्षरशः किळस आली.

शेवटी आभार. मैत्रीण माइकपाशी गेली. अध्यक्ष, पाहुणे, मंडपवाला, चहावाला, सगळ्यांचे रीतसर आभार मानले. मग म्हणाली, “मी स्वतः आज गैरहजर आहे. तरीही आपण माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे.”

लोक हसले. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात पाहुण्यांनी वाजवल्या. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोठ्या मनाने तोडगा सांगितला. गैरहजेरी माफ करण्यासाठी अर्ज करता येतो, अर्थात ऑनलाइन. मी माझ्या फोनवर तो उघडला. कारणं ठरलेली होती: आजारपण, घरात लग्न, घरात मृत्यू. हजर होते, असं कारण त्यात नव्हतं.

“आजारपण टाक,” ती म्हणाली.

“अगं, खोटं लिहायचं?”

“खरं सांगून बघितलं ना काल.”

आम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काही न विचारता तापाचा दाखला दिला. कॉलेजनेही काही न विचारता तो घेतला. समोर उभी असलेली बाई ज्या मॅडमना मान्य नव्हती, त्यांना अंथरुणावर पडलेली लगेच चालली.

वार्षिक पाठ तिने घेतला, उत्तम घेतला. आज ती शिक्षिका आहे.

कॉलेजच्या दारात त्या कार्यशाळेचा मोठा फोटो अजून लावलेला आहे. त्यात मधोमध, माइक धरून, ती उभी आहे. त्या दिवशी ती तापाने घरी झोपून होती, असं आत ऑफिसातल्या तिच्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे.