आई झोपून जाईल अशी गाडी

माझ्या मोठ्या भावाने त्याच्या नव्या पद्मिनी गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं काढलं नव्हतं. उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या, मुलं रडायची, पण प्लास्टिक तसंच. हे आधी सांगतो, कारण भांडण तिथून सुरू झालं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण तिला बसता येईना. दहा मिनिटं बसली की कळा सुरू. आडवी असली की ठीक. आमच्या गावात, कणकवलीच्या पुढे, शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते, अंगणात नाचते आणि घरातली बाई तिची ओटी भरते. आमच्या घरात तो मान आईचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं एक वर्ष चुकलं नव्हतं. वडील गिरणीत असताना हातात पैसा नसायचा, तेव्हासुद्धा एसटीत उभी राहून गेली होती. आता ओळीने दोन शिमगे चुकले. तिसरा जवळ आला तशी ती भिंतीकडे तोंड करून पडू लागली. बोलायची नाही, जेवायची नाही.

मी ट्रॉम्बेला भावाच्या क्वार्टरवर गेलो. म्हटलं, "दादा, ड्रायव्हरच्या बाजूची सीट काढू. मी फळी करून देतो. आई पाय लांब करून झोपेल."

"सीट काढायची? नवीन गाडी आहे रे."

"परत बसवून देतो ना. चार बोल्ट आहेत."

"आणि वाटेत काही झालं म्हणजे? आईला आता गावाला नेऊन करायचं काय, सांग मला. पालखी फोटोत बघेल."

वडील गेले तेव्हा हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मी नववीत. एकाने शिकायचं, दुसऱ्याने कमवायचं असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला आजवर कळलेलं नाही. मी विद्याविहारच्या एका कारखान्यात लोखंडाचा कीस झाडायला लागलो, आणि माझ्या पगारातून त्याची फी गेली. ते मी कधी काढलं नव्हतं. त्या दिवशीही नाही काढलं. एवढंच म्हटलं, "तुझं प्लास्टिक सांभाळ. आईला मी नेतो."

"कशातून? लेथवर बसवून?" वहिनी आतून हसली.

तेव्हा मुलुंडला माझा स्वतःचा गाळा होता. दोन लेथ, एक ड्रिल, तीन कामगार. गाडी घेण्याइतका मी मोठा झालो नव्हतो. पण त्या हसण्यानंतर गाडी घेतल्याशिवाय राहणंही शक्य नव्हतं.

नाहूरच्या घरी येऊन मी आईला टेपने मोजलं. चार फूट नऊ इंच. बायको म्हणाली, "अहो, हे काय चाललंय?" मी म्हटलं, गाडीचं माप घेतोय. त्याच्यात उशीचे चार इंच आणि हिसका बसला तर सरकायला तीन इंच धरले. पाच फूट चार इंच सपाट जागा, शिवाय पुढे आम्ही दोघं आणि दोन मुलं. एवढी माझी अट. रंग कुठलाही चालेल.

रविवार धरून मी घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतचे जुन्या गाड्यांचे दलाल पालथे घातले. गाडीचं दार उघडायचं आणि आधी टेप आत टाकायचा. घाटकोपरला एक जण म्हणाला, "शेठ, गाडी घेताय की कपाट?" मॅटाडोर पाहिली, ती एवढी हादरायची की मोडलं नसेल ते हाडही मोडलं असतं. जीपची मागची बाकडी आखूड. साध्या गाडीची मागची सीट सव्वाचार फूट. बायको म्हणाली, "टेम्पो करा ना भाड्याने, गादी टाकू."

"आई काय सामान आहे?"

"मी तसं म्हटलं का?" म्हणून ती दोन दिवस फुगून बसली.

शेवटी अंधेरीला, महाकाली गुंफांच्या रस्त्यावर एका दलालाच्या आवारात अँबेसिडरची इस्टेट मिळाली. साधी अँबेसिडर मागे उतरती होते, ही छत तसंच लांब नेऊन मागे सरळ उभी केलेली. मागचं अख्खं दार वर उघडायचं. पांढरी शुभ्र, पडदे लावलेले. टेप टाकला. सहा फूट दोन इंच. चेहऱ्यावर मी काही येऊ दिलं नाही. चाकाला उगाच लाथ मारली.

दलाल तोंडात पान धरून म्हणाला, "झकास पीस आहे शेठ. एका मोठ्या कंपनीच्या मोठ्या साहेबाची. शनिवार-रविवार फॅमिली घेऊन खंडाळा. ड्रायव्हर एकदम युनिफॉर्मवाला. अडतीस हजार. तुम्ही मराठी माणूस, म्हणून सदतीस."

मी पुढची सीट पाहिली, इंजिन ऐकलं, मग मागे शिरलो आणि खालचं रबरी जाजम उचललं. प्लायवूडवर लांबीने दोन ओळींत आठ भोकं होती, पुट्टी भरून बुजवलेली. मी आयुष्यभर भोकंच पाडत आलोय. भोकं कशासाठी पाडली ते मला भोकं पाहून कळतं. इथे पूर्वी दोन लोखंडी पट्ट्या होत्या, रूळ असतात तशा. त्यांवरून काहीतरी आत सरकवायचे. मागच्या दाराच्या खाचेत बोट फिरवलं. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि गुलाल. बाहेर येऊन गाडीच्या कडेने उन्हात तिरपं पाहिलं, तर पांढऱ्या रंगाखाली पुसलेल्या अक्षरांचे उंचवटे.

मी दलालाजवळ गेलो. "साहेब खंडाळ्याला झोपून जायचा काय रे?"

त्याने पान थुंकलं. "आता शेठ, तुम्ही समजदार..."

"आर. सी. बुक काढ."

बुकात एका धर्मादाय संस्थेचं नाव होतं. उपनगरातून मयतं न्यायची गाडी.

मी घाबरलो नाही असं सांगणार नाही. आमच्याकडे मयताला खांदा देऊन आलेल्या माणसालाही अंघोळीशिवाय घरात घेत नाहीत, आणि मी तर आईला तिथेच झोपवायला निघालो होतो. आवाराबाहेरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला आणि विचार केला. मयताची गाडी कोणी पळवत नाही. खड्डा आला की ड्रायव्हर थांबतो, मग हळूच उतरवतो. क्लच जळत नाही, स्प्रिंगा बसत नाहीत. साहेबाच्या ड्रायव्हरने घाटात जिची वाट लावलीय त्या गाडीपेक्षा ही शंभर पट चांगली. आईचं मोडलं हाड न हलवता न्यायला अख्ख्या मुंबईत हिच्याइतकी शिकलेली गाडी नव्हती.

चहा संपवून आलो. "किती महिने पडून आहे?"

"आत्ताच आली शेठ."

"चाकाखाली गवत उगवलंय. खोटं बोलशील तर बाहेर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगेन. तुझी गिऱ्हाइकं कळलं की पळतात. मी पळत नाही. पण न पळणाऱ्याला भाव वेगळा. अठरा."

तो ओरडला, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो. दोनदा मी रस्त्यापर्यंत निघून गेलो, दोनदा त्याने बोलावलं. एकवीसला सौदा झाला. स्टेपनी आणि जॅक वरून घेतला. कोणाला काही सांगायचं नाही असं मी त्याच्याकडून त्याच्या पोरांची शपथ घालून वदवून घेतलं.

आपणहून त्याने तोंड उघडलं नाही. तोंड माझं सुटलं. गाडी नाहूरला आणली, बायकोने चाकांखाली लिंबू ठेवले, अख्खी बिल्डिंग खाली उतरली. कोकणातल्या माणसाला दुसऱ्याच्या वस्तूबद्दल एकच प्रश्न पडतो, तो तिथल्या प्रत्येकाने विचारला: "केवढ्याक पडली?" मी वीस वर्षं घासाघीस करून जगलेला माणूस. पस्तीस म्हणालो असतो तर काही बिघडलं नसतं. पण जिंकलेला सौदा पोटात ठेवणं मला जमलं नाही. छाती काढून सांगितलं, "एकवीस!"

तो आकडा चार दिवसांत ट्रॉम्बेला पोचला. भावाने हिशेब केला की एवढ्या पैशात एवढी गाडी मिळूच शकत नाही. रजा टाकून तो अंधेरीला गेला, दलाल शोधून काढला आणि खोदून खोदून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. आईला न्यायला त्याने एका दिवसाची रजा टाकली नव्हती, हेही लक्षात घ्या.

आम्ही निघायच्या आदल्या सकाळी तो आला. मी खाली गाडीत गादी अंथरत होतो. तो सरळ वर गेला. मी पोचलो तेव्हा तो आईच्या खाटेशी उभा राहून सांगत होता, "आये, ही मयताची गाडी आहे. स्मशानात जायची. ह्याने तुला फसवलं. तुला त्यात आडवी करून नेणार आहे हा."

बायकोच्या हातातलं भांडं पडलं. ती म्हणाली, "खरं आहे हे?"

मी म्हटलं, "खरं आहे."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी लिंबू ठेवले, हळदकुंकू लावलं तिला! मी नाही पोरांना बसवणार त्यात."

दारात शेजारी जमले. भाऊ आवाज चढवून म्हणाला, "पैशासाठी आईला तिरडीवर..." मी त्याची कॉलर धरली. पुढे काय झालं असतं ठाऊक नाही. आईने खाटेच्या लोखंडी दांड्यावर तांब्या आपटला.

"सोड तेका." मग माझ्याकडे पाहून, "खरां काय ता आपल्या तोंडान सांगूक काय झालां तुका? मेल्यांक भितंय मी? तुझ्या बापाशीक ह्याच हातांनी न्हाणयलंय." मग भावाकडे वळून, "तू थोरलो. नारळ घे आणि गाऱ्हाणां घाल. देवाक सांग आणि विषय संपव."

आमच्यात कुठलीही अडचण अशीच सुटते. घरातला थोरला पुरुष हातात नारळ धरून देवापुढे सगळं बोलून दाखवतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. देवाला सांगून झालं की त्या गोष्टीबद्दल कोणी पुन्हा बोलायचं नाही. मी धाकटा. मला तो अधिकार नाही.

भाऊ म्हणाला, "मी असल्या गाडीसाठी गाऱ्हाणं घालणार नाही."

"नको घालू. माका खाली न्हेवा."

चौघांनी चादरीत धरून तिला खाली आणलं. गाडीत गादीवर टेकवल्यावर तिने नारळ मागितला. तो छातीवर धरला आणि आडव्या आडव्याच सुरू केलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेतसून जी जी माणसा गेली, ती आपापल्या वाटेन गेली. तेंचा आमच्याकडे काय्येक ऱ्हवला नाय."

शेजारी एकमेकांकडे बघत होते. मग तळमजल्यावरचा म्हातारा घसा साफ करून म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"ह्या गाडयेन तेंची सेवा केली. सेवा करणारी वस्तू वायट कशी आसात?"

"व्हय म्हाराजा!" आता बरेच आवाज होते.

"माझ्या झिलान खरां लपयल्यान, ता माका पालखी दिसूची म्हणान. तेची चूक पोटात घाल. आणि मी जिती आसय म्हाराजा, माका जिती पोचव!"

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात माझ्या बायकोचा आवाज होता. डोळे पुसत होती, पण म्हणाली. माझा भाऊ दोन हात अंतरावर उभा होता. तो म्हणाला नाही. आईने, स्वतःच्या आईने, जिती पोचव म्हणून देवाला सांगितलं आणि त्याने ओठ हलवले नाहीत. मयताच्या गाडीचं त्याने उघड केलं ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. हे सोडलेलं नाही. सोडणारही नाही.

आईला पुन्हा वर नेलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मी तीसच्या वर काटा नेला नाही. वडखळला ट्रकवाले शिव्या देत पुढे जात होते, कशेडी घाटात मागे रांग लागली, जाऊ दिली. आई मागे आडवी पडून मुलांना कुठली नदी, कुठलं गाव ते काचेतून सांगत होती. चिपळूणला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी गावात.

पालखीच्या दिवशी पडवीत बाज टाकू म्हटलं, तर ती म्हणाली, "पडवीतसून माका लोकांची पाठ दिसतली. गाडयेतच ठेय." मी गाडी उलटी घेऊन अंगणात लावली, मागचं दार वर केलं. भाऊ त्याच्या पद्मिनीने आला होताच. पालखीच्या पुढे चालणाऱ्या मानकऱ्याला वाटेतच गाठून त्याने सगळं सांगितलं. म्हणाला, "गाडी अंगणाबाहेर काढायला सांगा, नाहीतर देवी आत येणार नाही."

ढोल बांधावरच थांबले. मानकरी एकटा पुढे आला. ऐंशीचा म्हातारा. म्हणाला, "थोरलो सांगता ता खरां?"

मी म्हटलं, "खरं. मयताची गाडी. एकवीस हजाराला घेतली. आई आत आहे. गाडी हलणार नाही."

त्याने वाकून आत पाहिलं. आई हिरवं लुगडं नेसून, मांडीशी तांदूळ, खण, नारळ घेऊन आडवी होती. त्याने विचारलं, "वैनी, कशी आसस?"

"दोन वर्सां वाट बगतंय. आता तू वेळ काढतंस."

म्हातारा सरळ झाला आणि ढोलवाल्यांवर ओरडला, "आवाज खय गेलो रे तुमचो?"

पालखी नाचत अंगणात आली आणि खांदेकऱ्यांनी ती मागच्या दारापर्यंत आणून तिरपी केली. आईने पडल्या पडल्या ओटी भरली. थोडे तांदूळ गादीवर सांडले. कोणाला मदतीला येऊ दिलं नाही तिने. भाऊ पडवीच्या खांबाला टेकून पाहत होता. खांदेकरी पालखी उचलून पुढच्या घराकडे वळले तशी आई आतून कडाडली, "खय चाललास? इतक्यात झाला? आणखी नाचवा!"

आणि त्यांनी आणखी नाचवली.