घरचं वय

वडवणीजवळच्या ज्ञानोबा ओव्हाळांना एक गोष्ट सांगायला भारी आवडायची, आणि ऐकणाऱ्याला फुरसत आहे की नाही हे बघायची त्यांना सवय नव्हती. धाकटी पंचशीला चार वर्षांची असताना त्यांनी तिला पहिलीत घुसवली, ती गोष्ट. तेव्हा गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघायचे. लागला की पोर सहा वर्षांचं. ज्ञानोबांनी लेकीला मान तिरकी करायला शिकवलं. हात कानाला लागला, गुरुजींनी एक जून ही तारीख टाकली, साल दोन वर्षं मागचं टाकलं, आणि रस्त्याच्या कामावरचे हे गँगमन सरकारला फसवल्याच्या आनंदात घरी आले.

पोरगी काही तिथून थांबली नाही. आज डॉ. पंचशीला अंबाजोगाईला मेडिकलच्या पोरांना जीवरसायनशास्त्र शिकवते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं रक्त ती जाताना आणि परतल्यावर तपासते. लोहाच्या गोळ्या खाऊनही ते का वाढत नाही, या एका प्रश्नाचा तिनं कितीतरी हंगाम पिच्छा पुरवला. पंचेचाळिशीच्या आतल्या संशोधकांसाठी दिल्लीचा एक मोठा पुरस्कार असतो, पुढचं काम चालवायला निधीही मिळतो. यंदा तो हिलाच, असं तिचे वरिष्ठसुद्धा म्हणत होते.

अर्ज परत आला. कागदावर तिची पंचेचाळिशी उलटून गेली होती.

आता एवढी शिकलेली बाई, तिला स्वतःचं वय कळू नये? पण ओव्हाळांच्या घरात वय कायम खरं तेच मोजलं जायचं. बाबासाहेबांच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेली लेक. दरवर्षी त्या दिवशी ज्ञानोबा फोन करून तिला इतक्या वर्षांची झालीस म्हणून सांगायचे. मागच्या वर्षी कागदावरच्या वयातही अर्ज सहज बसला असता. अजून एका हंगामाचे नमुने येऊ देत, वेळ आहे, म्हणून ती थांबली होती, ती या घरच्या वयाच्या भरवशावर.

ज्ञानोबांना कळलं तसे ते एसटी धरून अंबाजोगाईला आले. शाळेतून तारीख दुरुस्त करून आणतो, साक्षीदार उभे करतो, गुरुजी वारले पण त्यांचा मुलगा आहे, असा सगळा बेत तयार. डिग्री, नोकरी, सगळं त्याच तारखेवर उभं आहे, ती आता हलवता येत नाही, हे तिनं नीट समजावलं. त्यांचं पालुपद काही सुटेना. शेवटी ती तडकली.

"दोन वर्षं थांबता आलं नसतं का, अप्पा? गंमत म्हणून केलं ना सगळं?"



"तुजी माय खडी फोडायला जायची," ज्ञानोबा म्हणाले. "तुला लुगड्याच्या पट्टीनं झाडाला बांधून ठेवायची. एकदा दुपारचा म्या तिकडं गेलतो. सावली सरकली होती अन तू उन्हात. रडून रडून आवाज बसला होता. मंग काय करू? शाळेला छप्पर होतं."

पंचशीलाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईही न सांगताच गेली. इतकी वर्षं का लपवलं, असं तिनं हळूच विचारलं. लोकं हसतील तेवढंच सांगत गेलो, म्हणाले. मग स्वयंपाक झालेला असून ते जेवले नाहीत. वडवणीची गाडी चुकेल म्हणत उठले आणि दारात थांबले.

"शाळेत घातलं त्याचं मला काई वाटत न्हाई," ते म्हणाले. "पण दरसाली फोन करून खरं वय सांगत बसलो. कागदाचं ध्यानात ठिव म्हणायचं, तर ते एकदा बी म्हनलो न्हाई. म्याच चुकविलं तुला, बाई."

नाही अप्पा, तुमचं चुकलं नाही, असं ती आता तरी म्हणेल, असं ज्ञानोबांना वाटलं. ते थोडे रेंगाळलेही. पंचशीलाला नाही म्हणायचंही होतं, पण तिच्या तोंडून ते निघालं नाही.