लोटाच्या बायकोनं मागं काहून पाहिलं?

चार बायका अन् एक रंगपेटी एका टेबलावर आली की चित्रं कमी होतात अन् किस्सेच जास्त! नागपुरात सदर भागातल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी आमचं बायबल जर्नलिंग चालतं. वचन वाचायचं अन् त्याच पानाच्या कडेला चित्र काढायचं. शिकवते शलोमी, कॉलेजातली पोरगी.

माझी अडचण एकच, सासूबाई. ग्रुप सुरू झाला तेव्हाच त्यांनी सुनावलं, "पवित्र शास्त्राले पेन लावशील तर याद राख! शनिवारी तुही पोरगी मी सांभाळणार नाही."

पोरगी सांभाळायला दुसरं कोणीच नाही, म्हणजे माझा शनिवार गेलाच! "मी फक्त बघायला जाते, आई," असं सांगून मी सुटले.

*

पहिल्याच दिवशी मी नेहमीसारखी अर्धा तास उशिरा. "कागद पातळ आहे, कलर पेन्सिलच वापरा," हे शलोमीनं आधीच सांगून टाकलेलं. मी आपली बसले अन् वॉटर कलरनं नोहाचा जलप्रलय रंगवला. पान उलटलं, तर पाणी पलीकडं! चार पानं पुढं अब्राहामाचे तंबूसुद्धा ओले!

"पुन्हा असा पूर आणणार नाही, असं देवानं वचन दिलं होतं ना वं?" शेजारच्या मंदाताई म्हणाल्या.

"देवानं कुठं आणला जी?" शलोमी म्हणाली. "या ताईंनी आणला!"

*

मंदाताई कोराडीच्या वीज प्लांटच्या कॉलनीत राहतात. इस्राएल लोकांपुढं वाळवंटात ढगाचा खांब चालायचा, तो त्यांनी काढला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा!

"मंदाताई, ही तर प्लांटची चिमणी आहे!"

"मंग? वीस वर्षांपासून खिडकीतून हेच पाहून राहिली मी."

"अन् खांबामागं हे काय?"

"स्टाफ बस. चाळीस वर्षं पायी कोण चालते वं, एवढ्या उन्हात!"

*

मार्थामावशी ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या. रंग झिरपू नये म्हणून पानाला आधी लेप लावतात, हे ऐकून त्यांनी घरी एका दुपारी ईयोबाच्या सगळ्या पानांना डिंक फासला अन् बायबल मिटून ठेवलं.

पुढच्या प्रार्थनासभेत पास्टरांनी नेमकं त्यांनाच ईयोब वाचायला सांगितलं. ईयोबाची गुरं गेली, लेकरं गेली, मावशींनी पान उलटलं अन् ईयोबाला सगळं दुप्पट परत मिळालं!

"मावशी, मधलं दुःख कुठं गेलं?"

"चिपकलं, पास्टर."

*

आता माझी पाळी. आमच्या आई चर्चला निघताना फाटकापर्यंत जातात अन् तीनदा घराकडं वळून बघतात. सदोम शहर जळत असताना मनाई असूनही वळून पाहणारी अन् मिठाचा खांब झालेली लोटाची बायको काढायची होती. मला दुसरं कोण सुचणार? हिरवी साडी, चष्मा, काखेत मोठी पर्स. हुबेहूब आई!

अन् एका रविवारी गडबडीत आईंनी माझंच बायबल उचललं. चर्चमध्ये बसल्यावर त्यांनी ते उघडलं, अन् नेमकं तेच पान! त्यांनी चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् बायबल मिटलं. आठवडाभर बायबल त्यांच्या उशाशी. मागायची माझी हिंमतच झाली नाही. शनिवार गेला, हे मी धरूनच चालले होते.

शनिवारी चार वाजता पोरीला कडेवर घेऊन त्याच समोर आल्या अन् बायबल माझ्या हातात दिलं. "जाय, उशीर होऊन राहिला तुले."

हॉलमध्ये पोचले अन् आधी तेच पान उघडलं. हिरव्या साडीतली बाई होती तशीच होती. पण तिच्यामागं आता बॉलपेननं जळणारं सदोम काढलेलं, त्यात एक घर, घराच्या खिडकीत हातात कंगवा घेतलेली बाई. खाली थरथरत्या अक्षरात लिहिलेलं:

"सूनबाई अजून तयारच होऊन राहिली!"