बाळंतिणीच्या खोलीचे दार

त्या बाळाची गोष्ट आई शेवटपर्यंत तिच्या परीने सांगत राहिली, आणि मी ती ऐकून घेत राहिलो. आता ती नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

एकोणीसशे तीस सालाच्या आसपासची थंडी होती. बहीण पहिल्या बाळंतपणाला पावस गावी, माहेरी आली होती. मीही रत्नागिरीच्या शाळेतून सुट्टीला आलो होतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आईने खोलीची खिडकी गोणपाटाने बंद केली होती, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. बाजेखाली करवंट्यांच्या निखाऱ्यांची शेगडी. सोयर असल्याने मी पडवीतूनच बोलत असे.

त्या सकाळी बहीण आतून म्हणाली की डोके फार जड झाले आहे, उठवत नाही. समई सारखी मंदावत होती, आईने तिच्यात तेल घातले. बाळाची नखे निळसर दिसली, तेव्हा ते गारठले असे वाटून तिने शेगडीत आणखी निखारे टाकले. शाळेत झाकलेल्या हंडीतली मेणबत्ती विझताना मी पाहिली होती. आई बाहेर आली तेव्हा म्हटले, आतला प्राणवायू संपत आला असेल, दार उघडेच ठेव.

"तुझं पुस्तक कधी बाळंत झालंय का रे?" म्हणत तिने दार ओढून घेतले आणि ती चुलीकडे गेली.

मग बहीण हाकेला ओ देईना. मी सोयर मोडून आत शिरलो, आईला हाक मारली. मी बहिणीला ओढत पडवीत आणले, आईने बाळाला. उघड्यावर बहीण हळूहळू शुद्धीवर आली. बाळ आले नाही.

आईच्या मते ते वाऱ्याने गेले, आणि वारा मी आत घेतला. पुढे कधीतरी मी बहिणीला खरे काय झाले ते समजावले.

"आईला सांगू नको," ती म्हणाली. "तिच्याच हातचे निखारे ते."

दुसऱ्या खेपेला ती माहेरी आली नाही. सासूबाई सोडत नाहीत, असे तिने कळवले. आईने डिंक, अळीव, ओवा आणून ठेवला होता, तो शेजारी वाटून टाकला. विचारील त्याला ती सांगायची की मुलाने दार उघडले, तेव्हापासून मुलीला माहेर नकोसे झाले. मी पडवीत असलो तरी ती आवाज खाली करत नसे.