प्रारब्ध आणि खिडकीवरचा छज्जा

कुणी मोठा शब्द उच्चारला की बाई चष्मा काढून हातात घेत आणि विचारत, "कोण म्हणतंय, आणि कुणाला?" मग उत्तर येईपर्यंत बघत राहत. त्यांचं ते बघणं मला अजिबात आवडायचं नाही. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत ते फारसं कुणालाच आवडायचं नाही. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, तर मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळेल.

बाई शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांचा आग्रह एकच. त्याग, वैराग्य, प्रारब्ध हे शब्द माणसानं स्वतःला सांगायचे, दुसऱ्याला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सासूबाई सुनेला नोकरी सोडायला सांगताना त्यागाचं महत्त्व पटवत होत्या, तेव्हा बाईंनी जिन्यातच विचारलं, "तुम्ही काय सोडताय?" सासूबाईंनी वर्षभर अबोला धरला. सुनेची नोकरी मात्र टिकली.

एकदा त्या भाचीबरोबर बाळकुमला फ्लॅट बघायला गेल्या. टॉवरचं नाव मोक्षावरून ठेवलेलं. विक्रीवाल्यानं स्विमिंग पूल दाखवला, बाग दाखवली, तीन मजल्यांचं पार्किंग दाखवलं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मोक्ष मिळाल्यावर गाड्या कशाला लागतात? हा किस्सा मी रंगवून रंगवून सांगत असे. बाई दुसऱ्यांवर घसरल्या की मजा यायची.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. मागच्या खिडकीवरच्या छज्ज्याच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत आणि खाली इस्त्रीवाल्याचं टेबल आहे, असं पत्र बाईंनी मला दिलं, पोच घेऊन. पावसाळ्यानंतर दुसरं दिलं. मी दोन्ही फाइलला लावली. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग डागडुजी कशाला, असं कमिटीत ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी म्हणालो होतो आणि बाकीच्यांनी माना हलवल्या होत्या.

एका सकाळी छज्जा पडला आणि इस्त्रीवाला जागीच गेला. साताऱ्याकडचा माणूस, कित्येक वर्षं आमचे शर्ट त्याच्या हातून गेले होते. ग्रुपवर दिवसभर 'ॐ शांती' येत राहिलं. मीही टाकलं, जोडलेल्या हातांसकट. बाईंनी लिहिलं, शांती आपल्याला हवी आहे, त्याला नाही. अॅडमिन मीच होतो, मी तो मेसेज काढून टाकला. पुढे अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. बाईंनी पत्रांच्या प्रती पोलीस चौकीत नेऊन दिल्या, त्याचं काही झालं नाही.

दहाव्यानंतर आवारात शोकसभा ठेवली. देवळात शनिवारी प्रवचन करणारे एक काका बोलायला उभे राहिले. प्रारब्धाचे भोग कुणाला चुकलेत, असं म्हणाले. इस्त्रीवाल्याची बायको पुढे सतरंजीवर बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "म्हंजी माजंच काय मागल्या जन्माचं पाप हुतं का?" काकांनी तिला नाही म्हटलं नाही. ते आपल्याला कळत नसतं म्हणाले, एकभुक्त राहावं, नाम घ्यावं, उरलंसुरलं फिटून जातं. लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, प्रारब्ध हा शब्द मला त्या दिवशी जितका आवडला तितका कधीच आवडला नव्हता.

बाई उठल्या. चष्मा त्यांनी आधीच काढून हातात घेतला होता.

"पूर्वी केलेल्यातलं जे आता फळाला आलंय ते प्रारब्ध," त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर दुःख कोसळलं त्यानं ते सोसता यावं म्हणून स्वतःशी म्हणायचा शब्द आहे तो. ज्यांनी छज्जा लोंबकळत ठेवला त्यांनी तो तोंडातही आणायचा नाही. सेक्रेटरी, फाइल आणा."

फाइल ऑडिटरकडे आहे, असं मी सांगितलं. ती माझ्या कपाटात होती. तेवढ्यात चहा आला आणि सभा उठली. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण त्या दिवशी मी चहा प्यालो.

पुढच्या मीटिंगमध्ये आम्ही टेबल धोकादायक ठरवून हटवलं. उरलेल्या छज्ज्यांना कुणी हात लावला नाही, टेबल हटवलं. इस्त्रीवाल्याच्या बायकोनं शहाडला भावाच्या ओटीवर इस्त्री सुरू केली. काकांनी सांगितलेलं तिनं मनावर घेतलं होतं. दिवसातून एकदा जेवायची, रात्रीचं बंद, पायात चप्पल नाही. आमच्या बाई दर गुरुवारी दोन रिक्षा बदलून साड्यांचं गाठोडं शहाडला न्यायच्या आणि तिला सांगायच्या की यात तुझं काही नाही. ती ऐकून घ्यायची. तुमी चांगल्या हाय म्हून तसं बोलता, म्हणायची, आणि उपाशी राहायची.

मग बाई माझ्या दारात येऊ लागल्या.

"शब्दाचा अर्थ मी सांगू शकते, पण तिला वाटतं मी समजूत घालतेय," त्या म्हणाल्या. "ज्याच्या हातून झालं त्यानं सांगितलं तरच ती जेवेल."

वकिलाला विचारतो, असं मी म्हणालो. विचारा, त्या म्हणाल्या, ती तोवर उपाशीच आहे. मी दार लावून घेतलं. मी भयंकर चिडलो होतो, आणि कुणावर, तर त्या म्हाताऱ्या बाईवर. दोन वर्षं त्या येत राहिल्या. जिन्यात त्यांची पावलं ओळखू आली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

या माघात बाई गेल्या, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. घर आवरायला भाची आली होती. शहाडला मावशीच्या साड्या राहिल्यात, आणाल का, असं तिनं विचारलं. नाही म्हणायला मला काही कारण सुचलं नाही.

संध्याकाळी मी शहाडला पोचलो. ती इतकी वाळली होती की क्षणभर ओळखलीच नाही. टेबलावर सहा साड्या घडी करून कागदात बांधून ठेवलेल्या. बाई गेल्याचं तिला कळलं होतं. ती रडत म्हणाली, "माज्याच पापानं गेल्या त्या बी. माज्यापाशी येत हुत्या ना."

हे मात्र मला ऐकवलं नाही. वकील, कमिटी, सगळं डोक्यातून गेलं.

"छज्जा पडायला आलाय हे मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "बाईंनी दोनदा लिहून दिलं होतं. मी दुरुस्ती होऊ दिली नाही. यात तुमचं काही नाही."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली.  मग विचारलं, हे तुमाला कवापासनं ठाऊक हुतं. मी म्हणालो, पहिल्यापासून.

"मग दोन वर्सं मला उपाशी का ठिवलंत?"

तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.  काहीतरी करायचं म्हणून मी साड्यांकडे हात नेला. तिनं पुडकं मागे ओढलं. ह्या भाचीबाईंच्या हातात दीन, म्हणाली, तुमच्या न्हाई.

मी रिकाम्या हातानं निघालो. गल्लीच्या टोकाशी वळून पाहिलं. भावजयीनं आणून दिलेली भाकरी ती टेबलाशी उभ्या उभ्याच खात होती आणि माझ्याकडे रोखून बघत होती.