काळी मेंदी आणि कलम तीन

सुनंदाबाईंनी क्रीमचे दोन खोके माझ्या टेबलावर, रेशनकार्डाच्या अर्धवट लिहिलेल्या अर्जावरच ठेवले आणि म्हणाल्या, "अण्णा, ह्यातलं कुठलं बी लावलं आन् पोरीचं केस गेलं, तर माझी जबाबदारी न्हाई, आसं पक्कं लिवून द्या. कोर्टात टिकंल आसं."

सुनंदाबाईंचे कोरेगावात ब्युटी पार्लर आहे. माझा व्यवसाय अर्जलेखनाचा. तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझे टेबल आहे. वारसनोंदी, दाखले, प्रतिज्ञापत्रे, तक्रारी असे सर्व प्रकारचे लेखन मी करतो. शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि, माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याची वेळ आजवर एकाही वकिलावर आलेली नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

"कोणाचे केस?" मी विचारले.

त्यांच्या मागे एक तरुणी उभी होती. नाव वैशाली. गाव कोयनानगर, नोकरी येथील एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्सची. तिचे केस मी कमरेपर्यंत लांब म्हणालो असतो. परंतु ते लांब होण्याऐवजी रुंद झाले होते. कुरळे, कोरडे, आणि हात लावला तर वाळल्या गवतासारखे वाजतील असे.

"सात वाजता ड्युटी असते, काका," ती म्हणाली. "पाचला उठून तासभर विंचरते. कंगव्यात मूठभर केस येतात. एवढं करूनही अंबाड्याच्या जाळीत बसत नाहीत. परवा पेशंटच्या ड्रेसिंगवर बट आली. वॉर्डच्या मुख्य सिस्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, केस सांभाळता येत नसतील तर कापून ये. कापायचे नाहीत मला. आईनं वाढवलेत."

तिला रिलॅक्सर करावयाचे होते. रिलॅक्सर म्हणजे कुरळ्या केसांच्या आतील बंध सैल करून त्यांना सरळपणाकडे नेणारे क्रीम. बंध सैल व्हावेत, परंतु तुटू नयेत, एवढ्याच अंतरात सारे शास्त्र आहे. कोरड्या केसांत हे अंतर फारच कमी असते. चुकले तर केस मुळापासून तुटतात. मग कापण्याचा प्रश्नच उरत नाही.

कोणताही कागद वाचल्याशिवाय मी त्यावर कागद तयार करीत नाही. म्हणून मी दोन्ही खोक्यांतील माहितीपत्रके बाहेर काढली. अक्षर मुंगीएवढे, भाषा इंग्रजी. मोबाईलचा कॅमेरा आणि माझे भिंग यांच्या साहाय्याने मी वाचू लागलो.

पहिल्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नो लाय' असे होते.

"ह्यो लय सौम्य हाय," सुनंदाबाई म्हणाल्या. "सांगलीचा सेल्समन बोलला, नो लाय म्हंजी ह्यात केमिकलच न्हाई."

"लाय म्हणजे काय?"

"ते त्येनं सांगितलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई."

उत्तर वैशालीने दिले. लाय म्हणजे कॉस्टिक सोडा. तो नाही, एवढाच 'नो लाय'चा अर्थ. त्याच्या जागी काय आहे, हे मी पत्रकातून मोठ्याने वाचले. "कॅल्शियम हायड्रॉक्साइड."

"काका, तो तर चुना," वैशाली म्हणाली.

सुनंदाबाईंनी माझ्या टेबलावरच्या तंबाखूच्या डबीकडे पाहिले. "आवं मग तुमच्याच डबीतला लावू की! सांगलीवरनं कशाला मागवायचा?"

मी डबी खिशात टाकली आणि पुढे वाचले. या प्रकाराने टाळूची आग तुलनेने कमी होते, हे खरे. परंतु त्यातील कॅल्शियम केसांवर बसते आणि केस अधिकच कोरडे होतात. ते काढण्यासाठी वेगळा शाम्पू लागतो. सेल्समन म्हणाला ते सौम्य टाळूपुरते होते. वैशालीचे दुखणे टाळूचे नव्हते, केसांचे होते. शिवाय तिच्या खोलीवर बोअरचे पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही. अशा केसांवर आणखी चुना चढविणे मला मसुद्याच्या दृष्टीनेही पटेना.

दुसऱ्या खोक्यातील क्रीममध्ये थायोग्लायकोलेट होते. पार्लरवाल्या त्याला नुसते 'थायो' म्हणतात. त्याच्या तीन ताकदी होत्या: जाड, हट्टी केसांसाठी कडक, साध्या केसांसाठी मध्यम, आणि कोरड्या, नाजूक केसांसाठी माइल्ड. सुनंदाबाईंकडे माइल्ड होते. त्याने केस काठीसारखे सरळ होणार नव्हते, कुरळेपणा फक्त सैल होणार होता.

"चालेल," वैशाली म्हणाली. "जाळीत बसले म्हणजे झालं."

निवड झाली. मी संमतीपत्र लिहावयास घेतले. कलम एक, दोन म्हणजे नाव-गाव आणि सेवेचे वर्णन. कलम तीन मी विशेष विचारपूर्वक लिहिले: 'सदर अर्जदाराने यापूर्वी आपल्या केसांवर कोणत्याही रासायनिक द्रव्याचा प्रयोग केलेला आहे काय?' वैशालीने वाचले आणि 'नाही' असे लिहिले. अक्षर सुरेख होते.

कलम चार: 'केसांच्या बटेवर पूर्वचाचणी घेतली असून निष्पत्ती समाधानकारक आहे.' पत्रकात तसे बंधन होते. त्याला स्ट्रँड टेस्ट म्हणतात. पूर्ण डोक्याला क्रीम लावण्याआधी एका बटेवर लावून पाहायचे.

"चाचणी झाली?" मी विचारले.

"न्हाई. लिवा की झाली म्हणून," सुनंदाबाई म्हणाल्या. "आज तिची सुट्टी हाय. आजच उरकायचं."

"जे घडले नाही, ते मी लिहीत नाही."

"आवं अण्णा, एका बटंसाठी एवढं?"

"मग दुसऱ्या टेबलावर जा. तिकडे वाट्टेल ते लिहून मिळते."

त्या पुटपुटल्या, "ह्यो मानूस तहसीलदाराच्या वर हाय," आणि खोके उचलले. परंतु दुसऱ्या टेबलाकडे न जाता पार्लरकडे वळल्या. मलाही बरोबर नेले, पंच म्हणून. पार्लर महिलांचे असल्याने मी दारात खुर्ची टाकून बसलो.

सुनंदाबाईंनी मानेवरची एक बारीक बट कापली, तिला क्रीम लावले आणि पत्रकात दिलेली वेळ मोबाईलवर लावली. वेळ झाल्यावर बट धुतली आणि दोन्ही टोके धरून हलकेच ताणली. बटेचा खालचा चार बोटांएवढा भाग रबरासारखा लांबला आणि तुटून त्यांच्या चिमटीत राहिला. वरचा भाग मात्र शाबूत होता.

वैशालीचा हात आपसूक डोक्याकडे गेला.

"माल डुप्लिकेट हाय!" सुनंदाबाई म्हणाल्या. "त्या सेल्समनवरच अर्ज लिवा आता."

ते मला पटले नाही. क्रीम खोटे असते, तर सबंध बट बिघडली असती. एकच केस, एकच क्रीम, वर एक निकाल आणि खाली दुसरा. जमिनीच्या भांडणात असे दिसले, की जुना फेरफार शोधावा लागतो. मी वैशालीला म्हणालो, "गेल्या वर्षभरात या केसांना जे जे लावले, ते नावाने सांग. एकही गाळू नकोस."

"खोबरेल. कोरफड. दही. एकदा अंडं लावलं, वासानं उलटी झाली. आणि मेंदी."

"सगळ्या केसांना?"

"नाही, टोकांनाच. ती तांबूस पडली होती."

"मेंदी लाल का काळी?"

"काळी. आठवडी बाजारात पुडी मिळते ती."

सुनंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बया! मग अण्णांनी इचारलं तवा न्हाई का लिवलंस?"

"त्यांनी रासायनिक द्रव्य विचारलं, ताई. मेंदी कुठे रासायनिक असते? पाला असतो तो."

बोलून झाल्यावर तिलाच आपले म्हणणे ऐकू आले असावे. हॉस्पिटलात प्रत्येक बाटलीचे लेबल वाचणारी ती मुलगी लाल झाली. तिच्या खोलीवरील मैत्रिणीने पुडीच्या मागील बाजूचा फोटो पाठविला. पुढच्या बाजूला हिरवे पान छापले होते. मागे, मुंगीहूनही लहान अक्षरांत, केस काळे करणाऱ्या रसायनांची नावे होती. आणि थायोच्या पत्रकात स्पष्ट लिहिले होते, की मेंदी अथवा रंग लावलेल्या केसांवर ते वापरू नये.

"म्हणजे आता काहीच नाही?" वैशालीने विचारले.

सुनंदाबाईंनी तिचे केस हातात घेऊन खालपासून वरपर्यंत तपासले. या कामात मात्र त्या माझ्याइतक्याच काटेकोर निघाल्या. "काळं हाय ते चार बोटं," त्या म्हणाल्या. "मी पाच कापते. कंबरंच्या वर येतील, पर डोक्यावर ऱ्हातील. चालंल?"

वैशालीने आरशात पाहिले, डोळे पुसले आणि मान हलविली.

पाच बोटे कापली. उरलेल्या केसांतून, या वेळी तीन ठिकाणच्या, बटा घेऊन पुन्हा चाचणी केली. एकही बट तुटली नाही. त्यानंतर पूर्ण केसांना क्रीम लावले, तेही ठरल्या वेळेच्या थोडे आधीच धुऊन टाकले. दुपार टळल्यावर ती बाहेर आली, तेव्हा केस सरळ नव्हते. लाट होती, पण कंगवा वरून खाली अडथळ्याविना जात होता. सुनंदाबाईंनी तो तीनदा फिरवून मला दाखविला, जणू मीच गिऱ्हाईक होतो.

कलम चार मी तेथेच, दारातील खुर्चीवर बसून, समाधानाने पूर्ण केले.

आठवड्याने वैशाली टेबलाशी येऊन सांगून गेली. दहा मिनिटांत अंबाडा होतो, तो जाळीत बसतो, आणि सिस्टरबाईंनी पार्लरचा पत्ता विचारला आहे.

माझ्याकडील संमतीपत्राचा कागद आता मलकापूर आणि सांगलीच्या पार्लरांतही जातो. त्यातील कलम तीन मी बदलले आहे: 'केसांना काय काय लावलं? लाल मेंदी, काळी मेंदी, डाय, सगळं सांगा.' भाषेच्या दृष्टीने ते मला आजही कमी दर्जाचे वाटते. परंतु त्या कलमापुढे अद्याप कोणी 'नाही' लिहिलेले नाही.